काचबंदी

नणंदेचा चष्मा पोचवायला निघालो होतो आम्ही. काम एवढंच होतं. माझ्या नणंदेचं, गीताबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे जबलपूरला झालं. चष्मा बनून यायला वेळ लागला, आणि तोवर ती कुंडमला आपल्या घरी निघून गेली. मग रोज फोन. "वहिनी, मला पोळी अन् भाकर एकसारखीच दिसून राहिली." शेवटी आमचे हे वैतागून म्हणाले, "चलो, रविवारी सकाळी देऊन येऊ. जेवायला घरी परत."

हे म्हणजे दयाराम. फॅक्टरीतून रिटायर झाले आणि जन्मभर सायकल न् स्कूटर चालवलेल्या या माणसाला म्हातारपणी गाडीचा सोस लागला. जुनीच घेतली, पण बटणावर काचा वरखाली होणारी. त्या काचांचं यांना काय कौतुक! सकाळी उठून आधी काचा पुसायच्या, मग स्वतःचं तोंड धुवायचं. मी कधी काच खाली केली की म्हणायचे, "हळू दाब, लता. बटण आहे ते, घराची कडी नाही."

सोबत आमची नात होती, मैत्री. पाच वर्षांची. माझी मुलगी विनता आणि जावई दोघंही नोकरीपायी बाहेरगावी होते, म्हणून वर्षभरासाठी पोर आमच्याकडे. विनताला ती फार उशिरा झाली. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर झाली म्हणा ना. जाताना विनता माझा हात धरून म्हणाली होती, "आई, हिला नजरेआड नको करू." मी म्हटलं, "तुला काय नजरेआड करून वाढवलं का?" बोलायला बोलले, पण तेव्हापासून माझा जीव त्या पोरीत अडकलेला. रात्री उठून तिच्या नाकासमोर बोट धरून बघायची मी. हसू नका, खरंच बघायची.

मैत्रीला मराठी समजते, ती बोलत मात्र नाही. 'आजी' म्हण म्हणून जीव टाकला, तिने 'नानी'च धरून ठेवलं. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, टीव्हीत हिंदी. मराठी फक्त आम्ही दोघं म्हातारे, तेही भांडायला.

तुम्ही नागपूरकडची माणसं, तुम्ही इकडचं जानेवारीतलं धुकं पाहिलं नसेल. यंदा तर थंडीपायी शाळा बंद ठेवल्या होत्या. आमच्या घमापुरातून निघालो तेव्हा चहाच्या टपरीची चूल तेवढी दिसत होती, टपरी दिसत नव्हती. मी म्हटलं, "ऊन पडू द्या, मग जाऊ." तर म्हणे, "शहराबाहेर साफ असते." माझं कधी ऐकलंय त्यांनी?

शहराबाहेर धुकं आणखी दाट होतं. मैत्रीला मात्र मजा वाटत होती. मी आणि ती मागे बसलो होतो. तिने बटण दाबून काच खाली करायची, धुक्यात हात घालायचा, "नानी, बादल!" म्हणायचं, पुन्हा काच वर. झ्झ वर, झ्झ खाली. गार वारा सगळा माझ्या कानात. दोनदा रागावून झालं. मग यांनी आपल्या दारावरचं एक बटण दाबलं. त्याच्यावर काचेचं चित्र असतं आणि चित्रावर काट. ते दाबलं की गाडीतल्या बाकी कोणाचंच बटण चालत नाही.

"काचबंदी!" हे मोठ्याने म्हणाले. नोटबंदीला वर्ष उलटलं होतं, पण यांच्या जिभेवरून ती गेली नव्हती. "थोड्या वेळासाठीच आहे, देशवासियों."

"थोड्या वेळाची बंदी आजवर कोणी वेळेवर उठवलीय?" मी म्हटलं. मैत्रीने बटण दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ओठ काढून बसली. मागची दारं तर गाडी घेतल्या दिवसापासूनच आतून उघडायची नाहीत. लहान मूल बसणार म्हणून यांनी ती तशी करून ठेवली होती. त्या मुलाशेजारी म्हातारी बायकोही बसणार आहे, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

जंगल लागलं असावं, कारण रस्त्यावरचा आवाज बदलला. दिसत काहीच नव्हतं. तिकडे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. कुठे गिट्टीचे ढीग, कुठे कच्चं वळण. अचानक समोरून ट्रकचा हॉर्न आला, अगदी अंगावर. यांनी गाडी डावीकडे घेतली. ट्रक धडधडत गेला. चाकांखाली डांबर जाऊन मुरूम आला, गाडी थोडी घसरली, आणि यांनी ब्रेक दाबून इंजिन बंद केलं.

"रस्ता सुटला," हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तुम्ही बसा. मी मागे चालत जाऊन रस्ता कुठं आहे ते पाहतो. अंदाजाने गाडी हलवायची नाही."

"आम्हाला पण उतरू द्या."

"पोरीला घेऊन कुठं फिरशील धुक्यात? बस ना गुपचूप."

परत येताना गाडी सापडावी म्हणून त्यांनी लुकलुकणारे दिवे चालू केले, चावी अर्धी फिरवून तशीच ठेवली, आणि आपल्या बाजूने उतरले. दार लागलं. मुरमावर त्यांचे बूट वाजले, मग वाजायचे थांबले. मागच्या काचेतून मी पाहत होते. माणूस चार पावलांत नाहीसा झाला.

गाडीत आम्ही दोघी उरलो.

दिव्यांची टिक-टिक चालू होती. इंजिन गार होताना कुठेतरी तडतडत होतं. काचांवर आमच्याच श्वासाची वाफ जमली. मी पुसली तर बाहेर पांढरं, आणि परत वाफ. वेळ किती गेला ते सांगता येत नाही. मी हाक मारली, "अवो!" बंद गाडीत माझाच आवाज मला मोठा वाटला. फोनला रेंज नव्हती.

"नानी, सू-सू," मैत्री म्हणाली.

"थांब राजा, नाना येऊन राहिले."

मग वास आला. आधी वाटलं, शालीचा असेल. पण शालीला डांबरगोळ्यांचा वास होता, आणि हा ओला होता. कुजलेला पाला, शेवाळ, खूप दिवसांचं साचलेलं पाणी. सगळ्या काचा बंद होत्या, तरी आत येत होता.

आणि डाव्या बाजूने कोणीतरी बोललं.

"खोल..."

बाईचा आवाज. हळू, दमलेला. मैत्री माझ्याकडे पाहू लागली, म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

"कौन है?" मी विचारलं.

टिक-टिक, टिक-टिक.

"खोल..."

मला वाटलं, गावातली कोणी असेल. लाकडं गोळा करायला आलेली, थंडीने काकडलेली, गाडी पाहून आसरा मागत असेल. मी काच पुसून डोळा लावला. कोणी नाही. "दीदी, दरवाजा अंदर से नहीं खुलता," मी ओरडून सांगितलं. "रुको जरा, हमारे वो आ रहे हैं।"

"नानी, आंटी है?" मैत्री कुजबुजली.

"हो. दिसते का तुला?"

तिने नाक काचेला लावलं. "नहीं। नीचे है।"

खाली बसली असेल बिचारी, मला वाटलं. मी काचेचं बटण दाबलं. हललीच नाही. काचबंदी! यांच्या नावाने मी जे काही बोलले ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. दाराचा खटका ओढला, तोही नुसताच हलला. तोवर मला राग येत होता, भीती नव्हती. मग एकदम जाणवलं की या डब्यात आम्हाला कोंडून माणूस निघून गेलाय, तो परत आला नाही तर मागून आम्हाला बाहेर पडायला वाटच नाही. शाल काढून टाकली, तरी श्वास पुरेना.

"खोल... खोल..." आवाज आता घाईत होता. रडवेला.

"मैं खोलती हूँ नानी!" म्हणत मैत्री पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीतून सुळकन पुढे गेली. मला कळायच्या आत ती डाव्या सीटवर गुडघे टेकून उभी. पुढचं दार आतून उघडतं हे माझ्या ध्यानात आलं आणि मी तिचा स्वेटर मागून पकडला.

"दार नको! आधी काच. कोण आहे ते पाहू."

तिने तिकडचं बटण दाबलं. तेही मेलेलं. बंदी उठवायची तर यांच्या दारावरचं ते काट मारलेलं बटण दाबायला हवं. आता माझं शरीर तुम्ही पाहताच आहात. त्या फटीत मी अर्धी शिरले आणि अडकले. एक गुडघा मागे, पदर गिअरमध्ये, एका हातात पोरीचा स्वेटर, दुसरा हात यांच्या दाराकडे लांबवलेला. बोटाचं टोक पोचेना. डावीकडून ती बाई सारखी म्हणत होती, आणि मला वाटत होतं, अगं उघडतेय ना बाई, माणूस आहे की कोण! शेवटी बोट टेकलं. खट्.

मैत्रीने लगेच आपलं बटण दाबलं. झ्झ करत काच वीतभर खाली गेली.

धुकं आत आलं, आणि तो वास. आणि आवाज. काच मध्ये नव्हती म्हणून मला पहिल्यांदा कळलं की तो दाराजवळून येतच नाहीये. तो चाकाच्याही खालून येत होता. फार खालून.

"खोल... लय खोल हाय वं माय..."

मराठी. कुंडमच्या जंगलात, आपल्या वऱ्हाडाकडची मराठी.

जबलपुरात माझा जन्म गेला. कोणी 'खोल' म्हटलं की मला दार उघडणंच ऐकू येतं. दुसरा अर्थ मी विसरूनच गेले होते. तो आठवला आणि त्याच क्षणी मैत्रीने दाराचा खटका ओढला. तिला काय, ती अजून हिंदीतच ऐकत होती.

दार हातभर उघडलं. पुढच्या सीटवर ठेवलेली तिची स्टीलची पाण्याची बाटली घरंगळली आणि बाहेर पडली. जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. मी वाट पाहत राहिले. मग खूप खाली, डुब्.

पोर बाटलीमागे झुकली होती. तिचा एक पाय बाहेर होता. मी स्वेटर ओढला, स्वेटर ताणला गेला, मग वेणी हातात आली ती ओढली. किंचाळली बिचारी. तिला पोटाशी दाबून मी दाराकडे हात लांबवला, आणि दार ओढण्यासाठी वाकले तेव्हा खाली पाहिलं. जमीन नव्हती. दगडाची सरळ कापलेली भिंत खाली गेली होती, मुरमाची जुनी खदान, आणि धुकं जरा फाटलं होतं तिथून तळाशी काळं पाणी दिसलं. पाण्यावर वर्तुळं पसरत होती. तेवढ्या फटीत माणूस कोणी नाही. बाकी सगळं पांढरं.

दार लावलं. काच वर केली. सगळ्या दारांच्या खिट्ट्या दाबल्या. मघापर्यंत ज्या डब्यातून सुटायला मी तडफडत होते, त्यातच आता आणखी कुलपं लावून बसले. मैत्री रडत होती. मी तिचं तोंड दाबून धरलं, कारण मला ऐकायचं होतं. आवाज थांबला होता.

किती वेळाने कोण जाणे, उजव्या काचेवर थाप पडली. धुक्यात एक चेहरा. मी हललेच नाही.

"कोण?"

"अवं, मी आहे. उघड!"

उघड म्हणाले. तेवढ्या एका शब्दावर मी खिट्टी वर केली. हे होते. ओठ निळे पडलेले, पँट गुडघ्यांपर्यंत ओली. मी विचारलं, "भिजलात काहून?" त्यांनी आधी पोरीला उचललं, मला ओढून बाहेर काढलं, आणि उजव्या बाजूने, हाताला धरून, आम्हाला डांबरापर्यंत नेलं. तिथे आम्ही तिघं रस्त्यावर बसून राहिलो. मैत्रीने माझ्या मांडीवरच सू केली, मी तिला तशीच पोटाशी धरून ठेवलं.

ऊन आल्यावर मटारच्या शेंगा घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर थांबला. शालिग्राम नावाचा भला माणूस होता. त्याने दोर बांधून गाडी मागे खेचली. गाडीची डावी दोन्ही चाकं कडेपासून वीतभरावर होती.

"बहुत गहरी है ये खदान, माई," तो म्हणाला. "बच गए आप लोग।"

"इधर कोई मराठी औरत रहती है क्या?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, दोर गुंडाळला, आणि ट्रॅक्टर चालू केला.

चष्मा काही त्या दिवशी पोचला नाही, आम्ही तिथूनच माघारी फिरलो. घरी येऊन मैत्रीला झोपवलं. मी चहा ठेवला. हे ओट्याशी येऊन उभे राहिले.

"लता, तू मला खालून काहून बोलावून राहिली होती?"

मी म्हटलं, "मी गाडीतून हललेच नाही."

मग त्यांनी सांगितलं. रस्ता सापडला नाही, उलट दिशा चुकली. एक उतार लागला. खालून मी हाक मारली म्हणे. माझाच आवाज. 'या ना इकडे... खोल नाही. मैत्री माझ्याजवळ आहे.' हे उतरत गेले. बुटात पाणी आलं, मग पोटऱ्यांना लागलं. मी आणखी पुढे बोलावत होते. 'या... खोल नाही.' गुडघे बुडाले, तेवढ्यात वरून, डोक्यावरून, काच खाली जायचा आवाज आला.

"झ्झ," हे म्हणाले. "माझ्या गाडीच्या काचेचा आवाज मी झोपेतही ओळखीन. म्हटलं, लता वर गाडीत आहे, तर ही खाली कोण? पाय थांबले तेवढ्यावर."

चहा उतू गेला. दोघांनीही गॅस बंद केला नाही.

आवाज एक होता की दोन, मला आजही ठरवता येत नाही. माझ्या काचेखाली होती ती सावध करत होती, असं मी धरून चालते. नाहीतर झोप लागायची नाही. काच उघडली म्हणून हे वाचले, अर्थ कळला म्हणून पोर वाचली. ती कोण, तिथे कधी, कशी गेली, कोणाला विचारावं? पण माझ्या आवाजात बोलणारी दुसरी कोण होती, तिने माझा आवाज कुठून उचलला, हा विचार आला की मी बोलता बोलता मध्येच गप्प होते. तेव्हापासून घरात एक रीत पडलीय. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर हे ओ देत नाहीत. उठून येतात, मला नीट पाहतात, आणि मग विचारतात, काय म्हणतेस.

मैत्रीला आम्ही काही सांगितलं नाही. लहान आहे, विसरेल, असं वाटलं. ती खरंच विसरल्यासारखी वागत होती.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, हे गच्चीवर उन्हात पेपर वाचत होते. मी आतल्या खोलीत जरा आडवी झाले होते, डोळा लागला होता. पायाशी कोणीतरी उभं आहे असं वाटून जागी झाले. मैत्री होती. दोन्ही तळहात गंजाने लाल झालेले, एक नख तुटलेलं.

"नानी, आप यहाँ कैसे आ गईं?" तिने विचारलं.

"म्हणजे? मी इथंच तर आहे, राजा. हाताला काय झालं?"

ती गोंधळली. मग खिडकीतून बाहेर अंगणाकडे बोट दाखवलं. आमच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, नळ एकच वेळ येतो म्हणून बांधलेली. वर लोखंडी झाकण.

"आप उसमें से बोल रही थीं न, खोल... खोल," ती म्हणाली. "मैंने बहुत कोशिश की, नानी। ढक्कन भारी है, मुझसे नहीं खुला। नाना को बुला लाऊँ?"